पाचातली एक खोटी

आमच्या ह्यांना कुठलीही वस्तू आधी वाजवून बघायची खोड आहे. कपाट घ्यायचं असो नाहीतर दार बसवायचं असो, बोटाच्या पेराने टक टक करणार, कान लावणार आणि निकाल देणार, ‘भरीव आहे’ किंवा ‘पोकळ आहे’. एकदा दवाखान्यात डॉक्टरांचं टेबल वाजवून तोंडावर ‘पोकळ’ म्हणाले. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, पण मन लावून दिलं नसावं.

खोडीला कारण आहे. हे नाटकांसाठी खोट्या वस्तू बनवतात. थर्माकोलचे दगड, लगद्याच्या तोफा, पुठ्ठ्याचे ग्रंथ, आत काहीच नसलेल्या तिजोऱ्या. ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण बाकीचे लोक उसासा टाकून म्हणतात. हे छाती फुगवून म्हणतात, कारण जगाला फसवण्याचाच यांना पगार मिळतो. मी यांच्याच नाटकगृहात कपडेपट सांभाळते, म्हणजे आमच्या घरात दोन माणसं खोट्यावरच जगतात. म्हणूनच की काय, उंबरठ्याच्या आत यांना सगळं खरं लागतं. भांडी जड, टेबल भरीव लाकडाचं, आणि बोलणं त्याहून जड.

अशा घरात आमच्या लेकीने एक दिवस जाहीर केलं की तिला लग्न करायचंय आणि मुलगा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो.

“म्हणजे नेमकं काय शिकवतो?” यांनी विचारलं.

“हेच की, समोर दिसतंय ते जग खरोखर आहे, की आपल्याला नुसतं तसं वाटतंय.”

यांनी चहाचा कप खाली ठेवला. टेबल वाजवून पाहिलं. होतं जागेवर. मग म्हणाले, “ज्याला जग आहे की नाही याचीच खात्री नाही, तो संसार कशावर मांडणार?”

“बाबा, आधी त्याला भेटा तरी.”

“भेटायचं कशाला? तो म्हणेल, बाबा दिसतायत, पण आहेत कशावरून!”

लेक बापावर गेलेली. ती आदळआपट करत नाही, शांतपणे वर्मावर बोट ठेवते. म्हणाली, “लग्न मी त्याच्याशीच करणार. पण तुम्ही तोंड पाडून बसलात, तर मला ते हसत करता येणार नाही.” एवढं बोलून ती आत गेली. यांनी टेबल पुन्हा एकदा वाजवलं. शेवटी रविवारी दुपारी मास्तरांना चहाला बोलवायचं ठरलं. बघितलं नव्हतं, तरी आम्ही दोघं त्यांना मास्तरच म्हणायला लागलो होतो.

आता खुर्च्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण खुर्च्यांचंच आहे.

नव्या नाटकात दुसऱ्या अंकात घरमालक ऐटीत खुर्चीत बसतो आणि खुर्ची मोडून तो आडवा होतो. रोज मोडायची आणि रोज जोडायची, अशी ती खुर्ची यांनी बनवली, आणि नमुना घेतला आमच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांचा. मागचा एक पाय कापून आत लाकडी खुंटी बसवलेली, वरून रंग. नुसतं टेकलं, हलवलं, ओढलं तर काही होत नाही. अख्खा माणूस बसून मागे रेलला की मात्र खेळ खलास. शनिवारी खुंटी सैल झाली म्हणून यांनी खुर्ची दुरुस्तीला घरी आणली, कारण नाटकगृहाच्या कारखान्यात रंगकाम चालू होतं. दुरुस्त केली, पॉलिश केली, आणि पॉलिश उरलं म्हणून घरच्या चारही खुर्च्यांना फासलं. पाची खुर्च्या पाच बहिणींसारख्या चमकायला लागल्या. घोटाळा नको म्हणून यांनी खोटीच्या पायाला लाल धागा बांधून ठेवला.

रविवारी सकाळी मी झाडायला घेतलं. खुर्च्या भिंतीला सरकवल्या, तर एका पायाला धागा लोंबतोय. लोंबता धागा दिसला की माझी कात्री मला विचारत नाही. आयुष्यभर पडदा वर जायच्या आत नटांच्या बाह्यांचे धागे कापत आलेय. कापला, केरात टाकला, खुर्च्या पुन्हा टेबलाभोवती मांडल्या. घर कसं टापटीप दिसायला लागलं.

हे आंघोळ करून आले. “अगं, धागा कुठाय?”

“कसला धागा?” मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला कळलं कसला.

त्यानंतर यांनी पाची खुर्च्या वाजवल्या. सगळ्या भरीव. उचलून पाहिल्या. सगळ्या सारख्याच जड, कारण नटाला खुर्ची ओढताना हलकी वाटली तर प्रेक्षकाला कळतं, म्हणून यांनीच आत शिसं घातलेलं. बॅटरी घेऊन पायांचे सांधे पाहिले. रंग असा बेमालूम की सांधा कुठे ते दिसेना.

“बाबा, पाण्याची पिंपं ठेवून बघू या का?” लेक म्हणाली.

“माझ्या कामाची परीक्षा पिंप घेणार? मी बनवलीय, मीच ओळखणार.”

“मग ओळखा ना.”

“ओळखू आली तर ती माझ्या हातची कसली!” हे कळवळून म्हणाले. अभिमान आणि फजिती एकाच तोंडावर मी तेव्हाच पाहिली.

मास्तर आले तेव्हा हे टेबलाखाली पालथे होते. दारातून त्यांना होणाऱ्या सासऱ्यांची फक्त पावलं दिसली. त्यांनी पावलांनाच नमस्कार केला. उंच, किडकिडीत, चष्मा सारखा नाकावर घसरणारा मुलगा. हे बाहेर आले, गुडघे झटकले आणि पहिलाच प्रश्न टाकला, “तुमच्या मते ही खुर्ची आहे की नाही?”

लेकीने कपाळाला हात लावला आणि धाग्याची हकीकत सांगून टाकली. मास्तर आधी हसले, मग एकदम गंभीर होऊन खुर्च्यांभोवती फिरू लागले. “काका, हे मी वर्गात वर्षभर ओरडून सांगतो आणि पोरं जांभया देतात. डोळे सांगतात खुर्ची, हात सांगतात खुर्ची, कान सांगतात खुर्ची. आणि तरी पाचातली एक खुर्ची नाहीच! तुम्ही एकदा माझ्या वर्गात याल का?”

हे मनातून सुखावले. मला कळतं. पण चेहरा घट्टच. “ते राहू द्या. असा संशय घेत तुम्ही जगता कसे? जिन्याची पायरी आहे की नाही, यावर विचार करत उतरता?”

“नाही काका, सगळ्यांसारखाच पाय ठेवतो.”

“मग शिकवता कशाला?”

मास्तरांनी घसरलेला चष्मा वर ढकलला. लेक नखं खायला लागली. बोलणं असं रुतलं की मला वाटलं, झालं, अडली गाडी. चहा तिकडे निवत चाललेला आणि आम्ही चौघं उभेच. दिवाणावर बसावं, तर त्यावर नाटकाचे कोट टाचण्या लावून पसरलेले. माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी सांगितलंय, फार उभं राहायचं नाही आणि पडायचं तर मुळीच नाही. मी गुपचूप टेबलाला धरून एका पायावर भार टाकला होता. आत जाऊन पलंगावर पडले असते, पण लेकीचं भवितव्य बाहेर लटकलेलं असताना कुठली आई आत जाईल?

“काकू, तुमचा पाय दुखतोय का?” मास्तरांनी मध्येच विचारलं.

“छे, छे.”

“दुखतोय.” असं म्हणून त्यांनी समोरची खुर्ची ओढली, चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि सगळं अंग टाकून मागे रेलले. खुर्ची टिकली. ते उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. “बसा. खुर्ची खरी की खोटी यावर मी जन्मभर वाद घालीन, काकू. पण तुमच्या दुखण्यावर वाद नाही.”

मी बसले. खरं सांगते, मला भरून आलं. माझ्या पायाचं घरातल्या दोघांनाही ठाऊक होतं, पण त्या क्षणी दोघंही खुर्च्यांत अडकलेले.

मास्तरांनी दुसरी खुर्ची घेतली, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा रेलले. टिकली. ती लेकीला दिली. तिसरीही टिकली, ती त्यांनी यांच्याकडे सरकवली.

“मला कुणी चाचपून दिलेली खुर्ची नकोय,” हे म्हणाले. उरलेल्या दोन्ही खुर्च्यांच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला आणि एकीवर थांबले. “इतकी वर्षं रोज जेवायला मी हिच्यावर बसतोय. मी माझी खुर्ची ओळखणार नाही? हीच ती.” आणि घरमालकाच्याच ऐटीत बसले, रेलले.

कडाड!

नाटकात त्या आवाजावर प्रेक्षक शिट्ट्या मारतात. इथे हे पाठीवर, पाय वर, शेजारी खुर्चीचा तुटका पाय. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. बाबांचा असा पाडाव झाल्यावर आता कसला होकार आणि कसलं हसू! मास्तर पळत जाऊन त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. “काका, लागलं का?”

ह्यांनी झोपल्या झोपल्याच तो तुटका पाय उचलून डोळ्यांजवळ नेला, फिरवून पाहिला. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि हे खदाखदा हसत सुटले. “अगं, मला फसवलं हिने! मला! असली खुर्ची मी आजवर बनवली नव्हती!”

“काका, सावकाश,” म्हणत मास्तरांनी त्यांच्या पाठीखाली हात घातला. हे उठता उठता थांबले. मास्तरांच्या छातीवर बोटाच्या पेराने टक टक केलं आणि कान लावला. मास्तर बिचारे श्वास रोखून बसले.

“बाबा?” लेक खुर्चीतून उठून उभी राहिली.

“भरीव आहे,” हे म्हणाले. मग मास्तरांकडे वळून डाफरले, “आता बघतोस काय असा? खुंटी शोध. संध्याकाळी प्रयोग आहे.”

दोघं टेबलाखाली शिरले. बाहेर दिसत होती ती फक्त चार पावलं. आत वाद जुंपला होता, की मास्तरांच्या हाताला लागली ती खरंच खुंटी आहे की नुसता लाकडाचा तुकडा. माझी लेक ती पावलं बघून इतकी हसली, इतकी हसली, की तिला बसायला खुर्ची लागली.