कळसाच्या सावलीतली शेवंती

केरूच्या वीस गुंठ्यांभोवती इतकी झुंबड उडाली होती की वणी रस्त्यावरच्या जीपगाड्या खोळंबल्या होत्या. दसरा तोंडावर आलेला, तरी सगळं रान नुसतं हिरवंगार, कळीचा पत्ता नाही. आणि मधोमध पिवळ्याधमक शेवंतीचं देऊळ उमटलेलं! खाली गाभारा, वर निमुळतं शिखर, टोकाला कळससुद्धा.

"आईनं आपलं देऊळ सोताच्या हातानं काढलं!" रानाला लागून असलेल्या देवीच्या देवळाचे सावळीराम महाराज माइकवरून गरजले. "रोप केरूचं, खत केरूचं, पाणी केरूचं. मग फूल तेवढ्याच जागी का? बाकीची जमीन रुसलीय! आईला वाहून टाक केरू, सगळी फुलंल!"

केरूने हात जोडले. ते पाहून त्याची मुलगी तेजस्विनी पुढे झाली. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. घरची जमीन म्हणजे एवढंच रान.

"आप्पा, शब्द देऊ नका. महिनाभर थांबा."

"पोरी, डोळ्यानं दिसतंय, आन् तू थांब म्हणती?"

"दिसतंय ना. आता तो खांबही बघा."

श्रावणात देवळामागे उंच खांबावर हॅलोजन बसला होता. गावात दहा-दहा तास लोडशेडिंग, पण महाराजांची ही 'अखंड ज्योत' सातपूरच्या भक्ताने दिलेल्या जनरेटरवर रात्रभर जळायची. तिचा उजेड केरूच्या रानात पडायचा, आणि त्या उजेडात देवळाची सावली.

"शेवंतीला कळी धरायला लांब, सलग काळोखी रात्र लागते," तेजस्विनी म्हणाली. "रोज रात्री उजेड पडला तर झाडाला वाटतं, दिवस अजून मोठेच आहेत. मग ते नुसता पाला वाढवतं. खांबाजवळ बघा, एक कळी नाही. लांबच्या बांधाला थोड्या आहेत, तिथे उजेड मंद. किती उजेड आणि किती वेळ, यावर सगळं आहे. फुललंय कुठे? सावलीत."

ती महाराजांकडे गेली. "महिनाभर दिवा बंद ठेवा."

"अखंड ज्योत विझवू? लय शिकलीस, बाई!"

मग तिने खांबाजवळच्याच चार सरींवर कामट्या वाकवल्या. रोज संध्याकाळी त्यांवर काळा कागद पसरायचा, सकाळी काढायचा. लोक हसले. देवीचं देऊळ खुडायचं नाही, म्हणून दसरा फुलांविना गेला. केरू तिच्याशी बोलेनासा झाला.

महिन्याने त्या चार सरी कळ्यांनी लगडल्या. शेजारच्या पाचव्या सरीत नुसता पाला. तेजस्विनीने गाव बोलावलं आणि सगळं समजावून सांगितलं. "आगं बाई, खरंच की!" शेजारची कुसाबाई पुटपुटली. तेजस्विनीला वाटलं, जिंकले.

महाराज मोठ्याने हसले. "पोरीनं आईला काळं वस्त्र नेसवलं! आई भाळली! बोला..."

गाव बोललं. कुसाबाईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. दुसऱ्या दिवसापासून देवळात काळ्या कागदाचे तुकडे वाहायला रांग लागली. दिवाळीनंतर केरूने जमीन देवळाच्या नावे करणाऱ्या कागदावर अंगठा उठवला.

पुढच्या वर्षी भक्तांनी कृतज्ञतेने देवळाच्या चारही बाजूंना हॅलोजन लावले आणि जनरेटर चालू करायच्या पाळ्या वाटून घेतल्या. आता सावली अशी कुठे पडेचना. वीस गुंठ्यांत एक फूल उमललं नाही.

"गावात शंका शिरलीय," महाराज म्हणाले. सगळ्या माना तेजस्विनीकडे वळल्या. केरूचीही.

तिला रडू कोसळलं, पण ती बोललीच. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. त्यांच्यावरही नको. एक महिना दिवे बंद करा आणि आपल्या डोळ्यांनी बघा. यात देवाचा अपमान कुठे आहे, आप्पा?"

केरूने रानाकडे पाहिलं, मग खांबाकडे. दिवस मावळत होता. तो उठला, जनरेटरपाशी गेला, आणि आज त्याची पाळी होती म्हणून त्यानेच तो चालू केला.