शेठची तब्येत

"शेठ आज वर चढलेच नाहीत," काचेच्या पेटीला नाक लावून ती म्हणाली.

नवरा दारात बूट घालत होता. टॅक्सी काढायची वेळ झाली होती. "आज सुट्टी घेतली असेल त्यांनी. तू आधी गॅस बघ. दूध उतू चाललंय."

ती धावली, पण दूध गेलंच उतू. नवरा हसला. "वेंधळी ती वेंधळीच!" त्यात राग नव्हता. लग्न होऊन आली तेव्हापासून या घरात तिची तीच ओळख होती. छत्री बसमध्ये राहायची, चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा, पाहुण्यांना दोनदा चहा मिळायचा नाहीतर मिळायचाच नाही. नणंदेकडे तर तिच्या गमतींचा साठाच होता. कुणी नवीन माणूस आलं की ती एकेक किस्सा काढायची, आणि सगळ्यांबरोबर हीसुद्धा हसायची.

शेठ म्हणजे बेडूक. झाडावर राहणाऱ्या जातीचा, हिरवागार, अजून पुरता न वाढलेला, मुठीत मावेल एवढा. पोटाखाली हात दुमडून, गादीवर बसल्यासारखा ऐटीत बसायचा, म्हणून मुलीनं नाव ठेवलं शेठ. मुलीला नोकरीच्या प्रशिक्षणासाठी परगावी जावं लागलं आणि तिथल्या वसतिगृहात प्राणी चालत नव्हते. तिनं आधी आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, "बेडूक? बाई गं, नुसत्या नावानं अंगावर काटा येतो." मग मैत्रिणीला फोन केला. आई तेव्हा शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, आई आहे घरात, पण तिच्या भरवशावर कसा ठेवू? तिच्या हातून निवडुंगसुद्धा वाळला होता."

मैत्रीणही नाही म्हणाली, आणि शेठ आईच्या वाट्याला आले. ऐकलेलं आईनं मनातच ठेवलं. एवढंच म्हणाली, "दाखव बरं, काय काय करायचं ते."

नळाचं पाणी लगेच घालायचं नाही, क्लोरीन उडून जायला उघडं ठेवायचं. पेटीत रोज फवारा मारायचा. हात लावायची वेळ आलीच तर आधी तो नीट धुऊन ओला करायचा. संध्याकाळी लहान रातकिडे कॅल्शियमच्या पावडरीत घोळून चिमट्यानं द्यायचे. मुलगी बोलत होती आणि आई एकटक शेठकडे पाहत होती. मुलीला वाटलं, हिचं लक्षच नाही.

पण आईचं पाहणं कसं असतं हे या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. ती शर्टांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. शिवून झालेला प्रत्येक शर्ट तिच्या हाताखालून जायचा. कॉलरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा केसभर खाली असलं, काजाचा धागा सैल असला, की तिची बोटं तिथेच थांबायची आणि त्या जागी लाल चिकटपट्टी लागायची. तिच्या टेबलावरून पास झालेला माल परत येत नसे. नवीन मुलींना सुपरवायझर तिच्याच शेजारी बसवायची. "हिचे हात बघू नका," ती सांगायची, "हिचे डोळे बघा." घरी यातलं काही कधी निघालंच नाही. विचारलं कुणी नाही, आणि शर्टांचं काय सांगायचं, म्हणून तिनंही सांगितलं नाही.

शेठ रोज पहाटे पेटीतल्या सगळ्यात उंच पानावर जाऊन झोपत. त्या दिवशी ते खालीच बसले होते. संध्याकाळी तिनं रातकिडा समोर धरला. शेठनं जीभ टाकली, ती बाजूलाच पडली. पुन्हा टाकली, पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्नच केला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक लहानशी उडी मारली, आणि खाली टेकल्यावर त्यांचा डावा मागचा पाय थरथरला. अगदी बारीक, शिलाई मशीन बंद केल्यावर सुई हलते तसा.

"अहो, याचं काहीतरी बिनसलंय."

"मला तर आहे तसाच दिसतोय. बेडूक आहे, बसणारच."

नणंद आली होती. तिनं लांबूनच मान उंच करून पाहिलं. "वहिनी, तू खायला घालायला तरी विसरली नाहीस ना?" आणि तिनं निवडुंगाचा किस्सा काढला. या वेळी वहिनी हसली नाही. नणंदेनं तो अर्ध्यातच सोडला.

मुलीला फोन केला, तर तिचं पहिलं वाक्य आलं, "आई, पावडर लावायची राहिली का गं?"

"नाही राहिली."

"आठवून सांग."

"आठवायचं काय त्यात? रोज लावतेय." आपला आवाज चढला तसा तिनं फोन ठेवून दिला. मग मात्र तिच्या मनात आलं, खरंच राहिली असेल तर? आपला काय भरवसा? पेटीत शेठ हनुवटी टेकून बसले होते. ती वाकून समोरून पाहत राहिली. खालच्या जबड्याची डावी कड उजवीपेक्षा सैल दिसत होती. दोन्ही बाजू तिनं पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या. कॉलर असती तर तिनं क्षणभरही विचार केला नसता.

"अहो, उद्या सकाळी टॅक्सी मला हवी," ती म्हणाली. "कारखान्यात सांगितलंय मी, उशिरा येईन म्हणून."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. असं ठाम बोलणं त्यानं तिच्या तोंडून फारसं ऐकलं नव्हतं. त्यानं मान डोलावली.

घराजवळचे प्राण्यांचे डॉक्टर कुत्र्यामांजरांचेच. त्यांनी सरळच सांगितलं, "बेडकाचा मला अनुभव नाही, उगाच हात लावणार नाही," आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. ओला कापूस घातलेला डबा तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. नवरा खड्डे चुकवत, कधी नव्हे इतकी सावकाश गाडी चालवत होता.

"मागून हॉर्न देतायत," ती म्हणाली.

"देऊ देत. पेशंट आहे गाडीत."

डॉक्टरबाईंनी हात ओले करून शेठना अलगद तळव्यावर घेतलं. "काय होतंय?"

तिनं सांगितलं. वर चढणं बंद. जीभ नेम चुकवते. उडीनंतर डावा पाय थरथरतो. जबडा डावीकडे सैल. बोलताना ती कुठे अडखळली नाही. नवरा भिंतीला टेकून उभा होता, तो सरळ झाला.

डॉक्टरबाईंनी जबड्यावरून हलकेच बोट फिरवलं, एक्स-रे काढला आणि पडद्यावर दोघांना दाखवला. "हाडं पातळ पडलीयत. कॅल्शियम अंगी लागत नाहीये. वाढीच्या वयात असं होतं."

"मी पावडर लावत होते हो. रोज लावत होते. की राहिली असेल एखाद्या दिवशी?"

"डबा आणलाय का?"

तिनं पिशवीतून डबा काढला. डॉक्टरबाईंनी तो फिरवून पाहिला, झाकण उघडलं. आतल्या पावडरीचे खडे झाले होते. "किती दिवस उघडलेला आहे हा? कॅल्शियम अंगी लागायला जे जीवनसत्त्व लागतं, ते यातून कधीच उडून गेलं. तुम्ही लावलीत ती पावडर होती, पण तिच्यात राम नव्हता." त्या हसल्या. "तुमचं काही चुकलेलं नाही. उलट लवकर आणलंत. लोक आणतात तेव्हा हाड मोडलेलं असतं."

बाहेर आल्यावर नवऱ्यानं गाडीचं मागचं दार तिच्यासाठी उघडलं. गाडी रस्त्याला लागली. मग आरशातून तिच्याकडे बघत म्हणाला, "तो पाय कधी दिसला तुला? मीपण तर रोज बघतोच की त्याला."

"तुम्ही बेडूक बघता," ती म्हणाली. "मी पाय बघत होते."

मुलीचा फोन आला तेव्हा तिनं सगळं सांगितलं. मुलगी हळूच म्हणाली, "डबा मी आणलेला. मीच जुना ठेवून गेले."

"असू दे गं. तुला काय ठाऊक?"

"आई, मी तुला उगाच..."

"औषधाची वेळ झालीय त्यांची," आई म्हणाली. "नंतर बोलू."

नवरा टॉर्च धरायचा आणि ती जबड्याच्या कडेला एकेक थेंब सोडायची. पेटीवर डॉक्टरबाईंनी सांगितलेला, उन्हासारख्या उजेडाचा नवा दिवा लागला. पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसला नाही. मग एका सकाळी शेठ मधल्या फांदीवर सापडले. आणखी काही दिवसांनी नवरा दात घासता घासता ओरडला, "अगं, ये लवकर, वर गेलेत!" तोंडात फेस, हातात ब्रश, अशा अवतारात तो पेटीसमोर उभा होता. शेठ उंच पानावर हात दुमडून झोपले होते. डावा पाय मात्र किंचित वाकडाच राहिला. तो तसाच राहणार, असं डॉक्टरबाईंनी सांगितलंच होतं. कारखान्यात तिनं असा नग बाजूला काढला असता. इथे तिनं तो पाय डोळे भरून पाहिला आणि कामाला निघाली.

काही महिन्यांनंतरची एक संध्याकाळ. ती नुकतीच घरी आली होती. दिवे लागत होते. अचानक खोलीतून खर्जातला, भरदार आवाज आला. एकदा, मग पुन्हा, मग लागोपाठ. ती आत धावली. शेठचा गळा फुग्यासारखा फुगत होता, बसत होता. ते वयात आले होते. ती पदरानं हात पुसत तिथेच उभी राहिली.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ कपाळाला आठ्या घालून उभे होते.

"वहिनी, हा आवाज तुमच्याकडून येतोय का? मोटार बिघडलीय की काय?"

"मोटार नाही," ती म्हणाली. "आमचे शेठ आहेत."

आणि त्यांना आत येता यावं म्हणून तिनं दार पुरतं उघडलं.