टपरी जड, पाटी हलकी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. शिरपूरच्या वना पेंटरने मला पिवळा रंग दिला आणि वर काळ्या अक्षरांत लिहिलं, 'शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई.' आता यार्ड म्हणजे किती, हे मलाच ठाऊक नव्हतं! तरी सगळे म्हणाले, ही पाटी म्हणजे कायदा. मी आपली फुगले.

मला गावातल्या शाळेच्या फाटकावर ठोकलं. समोरच कुंदाबाईची टपरी होती. गोळ्यांच्या बरण्या आणि तंबाखूच्या पुड्यांच्या माळा. तिच्याकडे गर्दी, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. मग कायदा मी कशी?

एकदा जळगावहून ऋतिका आली. कायदा शिकलेली पोरगी. कायद्याने लोकांची तब्येत सुधारते का, यावर ती पीएच.डी. करत होती. तिने पाटी शोधली, तर मी शाळेच्या मागच्या भिंतीवर! तपासणी येणार म्हणून गावाने टपरीपर्यंतचं अंतर मोजलं होतं, पण शाळेपासून नव्हे, माझ्यापासून, आणि ते कमी भरलं. मग शिपाई जीवरामने मलाच उचलून लांब नेलं.

"ताई, टपरी जड शे, पाटी हलकी शे," कुंदाबाई म्हणाली.

ऋतिका हसून हसून बेजार झाली. त्या प्रकारावर तिने लेख लिहिला, तो गाजला, पुढे ती प्राध्यापक झाली. मी फाटकावर परत आले. कुंदाबाई दंड भरायची आणि दुसऱ्या दिवशी तिथेच बसायची. मी जिंकले की हरले, देव जाणे!

ऋतिका विद्यार्थ्यांना घेऊन वरचेवर यायची, गिऱ्हाइकांना प्रश्न विचारायची. यंदा तिने कुंदाबाईला पेरू दिला. कुंदाबाईने तो नुसताच हातात धरला.

"आक्का, तोंड उघडा बरं."

तोंड उघडेना. जन्मभर मशेरी लावलेली.

"माले चावता येस नही, ताई. दूधमा भाकर कुस्करीसन खास."

"अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू गिऱ्हाईकसनं इचारे. मन्हं कधय इचारं?"

मग ऋतिकाने स्वतःच्या गाडीत घालून कुंदाबाईला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा काढावा लागला. जीव वाचला, पण बोलणं गेलं. टपरी बंद झाली.

परवा तपासणीचे साहेब आले. समोरची मोकळी जागा बघून खूश झाले. माझ्यावर थाप मारून म्हणाले, "बघा मॅडम, याला म्हणतात कायद्याचा परिणाम!"

ऋतिका म्हणाली, "साहेब, माझी सगळी नोकरी हेच शोधण्यात गेली. यात कायद्याने काय केलं, मला अजून कळलेलं नाही."

कुंदाबाई तोंडाला पदर लावून तिथेच उभी होती. साहेबांनी तिला ओळखलंसुद्धा नाही. मला इतकी लाज वाटली! पण शाबासकी मिळाली असताना लाजायचं कसं, तेही समजेना.

मित्रांनो, मला एक वेळ रंग देऊ नका, पुसूही नका. पण जिच्याकडून रोज गोळ्या घेता, ती नीट जेवते का, तेवढं तिला विचारा.