दाट पेला

ठकूचा लंगोट पहाटेपासून कोरडा ठणठणीत होता आणि त्यापायी घरात एकाच माणसाचा जीव टांगणीला लागला होता, तिच्या आईचा. दीड वर्षाची पोर, पाच उलट्या झालेल्या, आणि आता अकरा वाजत आलेले.

"बरंच की, धुणं वाचलं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, सहा तासांत लघवी नाही. रडते तर डोळ्यांत टिपूस नाही. जीभ बघा, नुसती चिकट झालीये. अंगातलं पाणी कमी झालंय तिच्या."

"आम्ही नाही बाई कधी पोरांच्या जिभा तपासत बसलो. उलटी होतेय ना? मग पाणी तोडायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"अहो, आड आटतोय हीच तर भीती आहे!"

सासूबाईंनी मान फिरवली. पालथ्या घड्यावर पाणी.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून नवरा आला, हातात पेला, पेल्यात चमचा. तो रंगाच्या दुकानात रंग कालवायचा. हवी ती छटा जमवून घ्यायला चार गल्ल्या ओलांडून लोक त्याच्याकडे येत. त्याचा बाणा एकच, पातळ माल द्यायचा नाही. ठकूला कडेवर घेऊन हात अडकले म्हणून तिने त्याला जलसंजीवनीची पुडी कालवायला सांगितली होती. एवढंच काम.

पहिला चमचा ठकूने तोंड वेडंवाकडं करत गिळला. दुसरा बापाच्या अंगावर फुर्रकन उडवला.

आईला शंका आली. तिने बोट बुडवून चाखलं, नुसतं खारट, आणि पेला त्याच्या हातातून ओढून घेतला.

"किती पाण्यात कालवलंत हे?"

"पेलाभर."

"आणि पुडी?"

"अख्खी! लेकीच्या बाबतीत हात आखडता नाही घेतला."

"पुडीवर एक लिटर लिहिलंय हो!"

"ते लिहितातच गं. आमच्या डब्यांवरही लिहितात, एवढं पाणी घाला म्हणून. तेवढं घातलं तर खालची भिंत दिसते. दाट असलं की रंगाचा एकच हात दिला तरी काम होतं."

"ही भिंत नाहीये!" तिचा आवाज इतका चढला की ठकूसुद्धा गप्प झाली. "एवढं मीठ पोटात गेलं तर आहे तेही पाणी ओढून घेईल ते!"

नवऱ्याचा चेहरा पडला. तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"किती गेलं पोटात?" त्यांनी विचारलं.

"एक चमचा."

"आत्ता कशी आहे?"

"माझा चष्मा ओढतेय."

"मग घाबरू नका. तो पेला ओतून द्या. लिटरभर स्वच्छ पाणी मोजून घ्या, त्यात एक पुडी. दर दोन मिनिटांनी एकच चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत सुरू. एक वाजेपर्यंत लघवी झाली नाही, किंवा त्याआधी मलूल झाली, तर सरळ घेऊन या."

या वेळी मापाचं भांडं नवऱ्याने डोळ्यांसमोर धरून रेघ पाहिली, दोनदा. ठकूला मांडीवर घेऊन तो चमच्याने भरवत बसला. एका चमच्यानंतर ती पेल्यावर झेपावली.

"अगं, मागतेय ती. अर्धा पेला देऊ?"

"चमचा!"

"झाली का दोन मिनिटं?" सासूबाई घड्याळाखालून विचारत. अर्ध्या मिनिटाने पुन्हा, "आता?"

बारा वाजले. साडेबारा. उलटी नाही, पण लंगोटही कोरडाच. तिने दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवली. पायात चपला सरकवल्या. एकला दहा मिनिटं असताना नवरा एकदम ताठ बसला.

"अगं... अगं, इकडे ये. माझी पँट गरम झालीये."

तिने हात लावून पाहिलं. लंगोट भिजून पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत ओघळलं होतं. ती तिथेच, चपलांसकट, जमिनीवर बसली. जिवात जीव आला.

"बघ," सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "सकाळी जरा पाणी तोडलं, तर कशी लायनीवर आली पोर!"

तिने सासूबाईंकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"चमचा द्या, अहो," ती म्हणाली. "दोन मिनिटं होऊन गेली."