दोन करवंट्या

तळेगावच्या स्टँडवर कंडक्टरनं सुरभीच्या डोक्यावरचा भारा पाहिला आणि एसटीच्या दारातच आडवा उभा राहिला.

"काय वं पोरी, आर्वीले सरपण न्याची पाळी आली काय?"

"सरपण नाई, डेकोरेशन हाय."

"पऱ्हाटीचं?"

"तुमाले पऱ्हाटीच दिसते, त्याले मी काय करू?"

मागच्या सीटवरच्या बाया हसल्या. कंडक्टरही हसला म्हणून बरं, नाहीतर सुरभीच्या जिभेवर पुढचं तयारच होतं. तिचं असंच. नववीत असताना सर सगळ्या वर्गासमोर काहीतरी लागट बोलले, तर दप्तर उचलून ही सरळ घरी आली. उद्या जाईन, परवा जाईन करता करता दोन वर्षं झाली, ती गेलीच नाही.

पण नजर तिची तेज. कापूस वेचून झाला की पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, फांदीवर रिकामं बोंड वाळतं, उलगडतं, आणि नीट पाहिलं तर लाकडाचं फूल दिसतं. अख्खं गाव ते चुलीत घालायचं. हिनं त्यालाच सोनेरी रंग मारला, जुन्या लग्नपत्रिकांची कमळं कापली, आणि तेव्हापासून आळीतलं बारसं असो की वाढदिवस, कमान सुरभीचीच.

आज मात्र काम घरचं होतं. मोठी बहीण मोहिनी आर्वीत दिलेली. तिचं डोहाळजेवण. पहिल्या खेपेला, वेदश्रीच्या वेळेस, लॉकडाऊन होतं. तेव्हा राहिलं ते सासूनं आता दुसऱ्या खेपेला काढलं. आईचे गुडघे धरलेले, म्हणून साडी-खण घेऊन सुरभी एकटीच निघाली होती.

दारात पाय ठेवला तशी मोहिनीची सासू, सुलोचनाबाई, भाऱ्याकडे बघून म्हणाली, "अवो माय! हे मांगच्या अंगणात टाक. चार बाया येतीन, त्याइले काय काड्या दाखवाव?"

"लागल्यावर पाहा काकू. नाई आवडलं तर मीच चुलीत घालीन."

"मोहिनीच्या अंगावर फुलाचे दागिने नाई आणले?"

"आणले. कापसाचे."

देवाला वाहतो त्या वस्त्रमाळेसारखा कापूस वळून, कुंकवाच्या पाण्याचे ठिपके देऊन सुरभीनं मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा सगळं केलं होतं. सुलोचनाबाईनं बाजूबंद उलटा केला, सुलटा केला आणि काही न बोलता ठेवून दिला. म्हणजे आवडला होता.

मोहिनी मागच्या खोलीत होती. सुरभीनं तिच्या पायाकडे पाहिलं आणि तिथंच खाली बसली. घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. नखं पांढरीफटक.

"ताई, हे काय?"

"रक्त कमी हाय म्हणे. डॉक्टरीण बाईनं सांगतलं, दोन महिने पडून राहा. नाईतर दोघाइले धोका हाय."

"मंग पडून काऊन नाई राहात?"

"सासूबाईनं ऐकलं तवा मान हालवली. दुसऱ्या दिवशी तूर निवडायले बसवलं. मंग पाणी भरनं, मंग धुनं. त्या म्हणतात, आमी वावरात बाळंत झालो."

"भावजीले तोंड नाई काय?"

"हळू बोल." मोहिनीनं दाराकडे पाहिलं. मग सुरभीचा हात धरला. तिची बोटं गार होती. "ते पेढा-बर्फीचं तूच मांडून राह्यली नं?"

दोन वाट्या पालथ्या घालतात. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. गरोदर बाई एक उचलते. पेढा निघाला तर पोरगा, बर्फी निघाली तर पोरगी. खेळच तो. सुरभीनं त्याच्यासाठी दोन करवंट्या घासून घासून काचेसारख्या केल्या होत्या, वरून मोर काढले होते.

"दोन्हीखाली पेढा ठेव," मोहिनी म्हणाली.

"येडी झाली काय?"

"पेढा निघाला तर त्या मले हातावर झेलतीन. मले दोन महिने पाह्यजेत, सुरभे. दोनच. बर्फी निघाली तर उद्या सकाळी बादली माह्या हातात हाय."

"आन मंग पोरगी झाली तर?"

"झाल्यावरचं झाल्यावर. जित्ती तर राहू दे." मोहिनीनं तिचा हात दाबला. "आन आज कोणाले उलटून बोलू नको. माही शपथ हाय तुले."

सुरभीच्या तोंडावर दहा गोष्टी आल्या. तिनं सगळ्या गिळल्या.

सुलोचनाबाईनं तिच्या हातात बशी दिली, त्यात एक पेढा, एक बर्फी. दुसरा पेढा सुरभीनं देवासमोरच्या नैवेद्यातून उचलला. बर्फी हातात उरली. तेवढ्यात वेदश्री पडद्याआडून आली, चार वर्षांची, आईच्या ओढणीची साडी नेसून.

"मावशी, मले?"

सुरभीनं बर्फी तिच्या तोंडात कोंबली. "सांगू नको कोणाले."

वेदश्रीनं भरल्या तोंडानं मान हलवली.

दुपारी बाया आल्या आणि कमानीसमोर थांबल्याच. कोणी बोंडाला हात लावून पाहिला, कोणी मोबाईल काढला. शेजारची कमलाबाई, जिला अख्ख्या आळीचं सगळं ठाऊक असतं, तिनं गळ्यातला चष्मा डोळ्यावर चढवला. "अवो सुलोचनाबाई, हे तर पऱ्हाटी हाय! काय डोकं चालवलं वं!"

"माह्या सुनेची बहीण हाय," सुलोचनाबाई लगेच म्हणाली. "मीच सांगतलं तिले, घरचंच कर म्हणून. ते फुगे-बिगे मले नाई आवडत."

सुरभीनं शपथ आठवली आणि कमानीचं एक बोंड सरळ केलं.

मोहिनीला कमानीखाली बसवलं. कापसाच्या मुकुटात ती खरंच चांगली दिसत होती, फक्त ओठाला रंग नव्हता. ओट्या भरल्या. गाणी झाली. मग करवंट्या आल्या आणि बाया पुढं सरकल्या.

मोहिनीनं डावीकडची उचलली.

"पेढा! पेढा निघाला वं माय!"

सुलोचनाबाईनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. तिचे डोळे भरले होते, खोटं नव्हतं ते. तिनं मोहिनीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मोहिनीनं डोळे मिटले. सुरभीला वाटलं, सुटलो.

इतक्यात वेदश्रीनं हात घालून दुसरी करवंटी उचलली.

"आई! याच्यात बी पेढाच हाय!"

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग अन्नपूर्णा नावाची एक तरणी बाई हसली, "जुळे पोट्टे होतीन काकू!" दोघी-तिघी हसल्या. सुलोचनाबाई नाही हसली. ती सुरभीकडे बघत होती.

"मी तुले एक बर्फी देल्ली होती."

"पडली ते. खाली. मांजरीनं खाल्ली."

"मावशीनं मले देल्ली," वेदश्री अभिमानानं म्हणाली. "मी सांगतलं नाई कोणाले."

आता मात्र कोणीच हसलं नाही. कमलाबाईनं चष्मा पुन्हा वर केला.

"शुभ कामात असा खोटेपणा?" सुलोचनाबाईचा आवाज चढला. "देवाच्या खेळात? माह्या घरात येऊन? हेच शिकवलं काय तुह्या मायनं? शाळा सोडून हे धंदे?"

मायचं नाव निघालं आणि सुरभीच्या डोक्यात जाळ झाला. शपथ कुठल्या कुठं गेली.

"हो, ठेवले! दोन्हीकडं पेढे मीच ठेवले! बर्फी निघाली असती तर उद्या तुमी ताईच्या हातात बादली देल्ली असती! तिचे पाय पाहा, उचला साडी, पाहा सगळ्याइनं! डॉक्टरीण म्हणते पडून राहा, आन तुमी तूर निवडायले लावता! पोरगा असन तरच झोपू देसान काय तिले?"

बाया मोहिनीच्या पायाकडे पाहत होत्या. मोहिनीनं पाय साडीत ओढून घेतले.

"खरं काय वं मोहिनी?" कमलाबाईनं विचारलं.

मोहिनीनं सुरभीकडे पाहिलं नाही.

"नाई काकू," ती म्हणाली. आवाज एकदम सरळ. "आई मले काडी उचलू देत नाईत. हे पोट्टीच तशी हाय. शाळेतून बी याच्यानंच काढली हिले. कोणाचं चांगलं पाहवत नाई तिले."

सुरभीला कोणी शाळेतून काढलं नव्हतं. मोहिनीला ते माहीत होतं.

सुलोचनाबाईनं एकेका बाईच्या तोंडाकडं पाहिलं. कोण विश्वास ठेवतेय, कोण नाही, ते मोजल्यासारखं. मग पदर खोचला.

"ऐकलं सगळ्याइनं? आता माहं बी ऐका. बाळंत होईस्तोर ही पलंगावरून उठणार नाई. पाण्याचा गिलास बी मीच देईन. कमलाबाई, तुमी येत जा पाह्यले. कवाबी या." मग सुरभीकडे वळली. "आन तू, पोराच्या बारशाले बी या दारात पाय ठेवू नको."

मुकुट मोहिनीच्या डोक्यावर तसाच होता. एक बाई तिला धरून आत घेऊन गेली.

सुरभीची कैची, सुई-दोऱ्याचा डबा मागच्या अंगणात राहिला होता. ती घराला वळसा घालून तिकडं गेली. न्हाणीजवळ सुलोचनाबाई पंगतीची भांडी घासत होती, एकटी. भांडं घासायची आणि दाणकन आपटायची. मध्येच कमरेवर हात ठेवून उभी राहायची, मग पुन्हा बसायची. सुरभी भिंतीला चिकटून पुढं सरकली.

खिडकीतून पलंग दिसत होता. मोहिनी कुशीवर पडली होती. पायाखाली दोन उशा. डोळे उघडे.

"ताई."

मोहिनीनं मान वळवली नाही.

"मोहिनी, काही पाह्यजे काय?" सुलोचनाबाई अंगणातून ओरडली. चार घरं पलीकडे जाईल एवढ्या मोठ्यानं.

"नाई आई."

तेवढ्या मोठ्यानं हे किती दिवस चालेल? आठ दिवस? बाया आपापल्या कामाला लागतील, आणि मग तुरीचं पोतं तिथंच आहे, बादली तिथंच आहे. सुरभीनं डबा काखेत मारला आणि मागच्या मागं निघाली.

कमलाबाई आपल्या ओट्यावर बसली होती. सुरभीला बघून ती सरकली, बसायला जागा केली. आता काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून तिचे डोळे चमकत होते. सकाळची वेळ असती तर सुरभीनं तिला तिथंच सुनावलं असतं.

"काकू, उद्या सुलोचना काकूकडे चहाले जाजा."

"काऊन वं?"

"त्याइनंच म्हटलं नं, येत जा म्हणून. परवा बी जाजा. रोज जाजा. दोन महिने."

कमलाबाईनं चष्मा काढला आणि पदरानं पुसला. "म्हंजे तू म्हणत होती ते खरं होतं मंग? तुही बहीण खोटं बोलली?"

सुरभीनं इकडंतिकडं पाहिलं. समोरच्या नळावर एक बाई हंडा भरत थांबली होती, कान इकडंच.

"नाई काकू," सुरभी म्हणाली. "ताईचं खरं. माहंच डोकं खराब हाय."

"हो, ते तर दिसलंच," कमलाबाई म्हणाली. मग थोडं थांबून, "चहा त्या गोड करतात. जाईन मी."

सुरभीनं मान हलवली आणि स्टँडचा रस्ता धरला.