चौदा नंबरची घंटी

गावात माह्या तोंडावर कोनी बोलत नाही. पन पानठेल्यावर बोलतेत, का वामनरावची बायको भैताडच होती. धरनाच्या पाळीतून पानी फुटताना दिसलं तर मानूस पळते, थे काहून उभी राह्यली? मी आयकतो अन् गुमान निंगून जातो. मलेही तेच समजून नाही राह्यलं होतं. बत्तीस वर्सं शकू माह्यासंग त्या धरनावर राह्यली. पाळ कशी फुटते हे तिले इंजिनेरापेक्षा जास्त समजे.

मी धरनाचा चौकीदार. नेरकडचं लहानसं मातीचं धरन, दीड किलोमीटर पाळ. आधी मी रोज सकाळ-संध्याकाळ काठी घेऊन पाळ पायी फिरो. कुठं उंदराचं बीळ, कुठं ओल, सारं पायालेच समजे. तीन वर्सांआधी पाळीच्या पोटात काचेची तार टाकली. केसावानी बारीक. पन माती जराशी सरकली, आतून पानी झिरपलं, वरून कोनी चाललं, का तिले समजे अन् माह्या मोबाईलवर घंटी वाजे. पाळीचे चौदा भाग पाडले होते, कोन्या भागात गडबड हाय तो नंबर दिसे. गडबड मोठी असली तर खालच्या वस्तीतला भोंगा आपोआप वाजे, अन् मलेही तो वाजवता ये. मी चाललो तरी घंटी वाजे, म्हनून हापिसानं माहं फिरनंच बंद केलं. म्हने, वामनराव, तुम्ही आता केबिनीत बसा. माहे गुडघे दुखतच होते. बसलो बावा.

केबिन एका टोकाले गेटापाशी, अन् आमचं घर दुसऱ्या टोकाले, चौदा नंबरच्या खाली. शकूले मोबाईल नोको होता. पन तिनं त्या तारेतून आपला रस्ता काढला. सैपाक झाला का थे पाळीवर चढे अन् तीनदा पाय आपटे. इकडं चौदा नंबरची घंटी तीनदा वाजे, मी जेवाले निंगो. तालुक्याले कंप्युटरवर बसनारे साकेतसायेब, तरनं पोरगं, पह्यले चिडले. मंग हासत म्हनाले, का काकूंनी लाखाची तार जेवाच्या घंटीले लावली.

पोळ्याच्या सकाळी अख्ख्या गावाचे बैल आमच्या घराजवळच्या उतारानं पाळीवर चढतेत, तलावात धुवाले. शंभरावर जोड्या. मांगच्या वर्सी त्याइच्या पायानं घंट्या वाजल्या, खालच्या वस्तीतला भोंगाही वाजला, बैल उधळले अन् एका मानसाचा पाय मोडला. म्हनून यंदा मीच साकेतसायबाले फोन केला, का चौदा नंबर बंद ठेवा. दुपारी चालू करू म्हनाले, तुम्ही आठवन द्या. मी पुरनपोळी खाऊन झोपलो. चार वाजता त्याइचाच फोन आला.

"राहू द्या ना सायेब उद्यापरेंत," मी म्हटलं. "उद्या कर हाय, पोळ्याचा दुसरा दिवस. बैल मोकळे चरतीन पाळीवर, पुन्हा बोंब होईन."

 सायेब म्हनाले, धरन काठोकाठ भरलं हाय. मी म्हटलं, बत्तीस वर्सांपासून पाहून राह्यलो, काही होत नाही. त्याइनं माह्यावर भरवसा ठेवला. शकूले सांगाचं मात्र राह्यलंच. सनाले घरीच जेवत होतो, जेवाची घंटी लागत नोती, तर सांगाची गरज काय, असं वाटलं मले.

करच्या दिवशी सकाळीच केबिनीत गेलो. मोबाईल खिशात, चूपचाप. साडेनऊच्या पुढं तेरा नंबरची घंटी वाजली अन् मांगंच भोंगा वाजला. बाहीर येऊन पाह्यलं तर त्या टोकाची पाळ नोती अन् घरही नोतं. खालची वस्ती भोंगा आयकून टेकडीवर चढली, सारे वाचले. शकू दुसऱ्या दिवशी दोन कोसावर कपाशीत सापडली. तलावाच्या पल्याड गाई चारनारा धरमसिंग म्हने, मी दुरून पाह्यलं, बाई पाळीवर लय वेळ उभी होती, जागची हाललीच नाही. तवापासून पानठेल्यावर तेच चालू हाय.

महिन्याभरानं साकेतसायेब आले. मी चुलतभावाच्या घरी राहून राह्यलो होतो. त्याइची नोकरी गेली होती, तोंड उतरलं होतं. कंप्युटर उघडून माह्यासमोर ठेवला.

"काका, आपण फक्त घंटी बंद केली होती. तार चालूच होती. तिनं सगळं नोंदवून ठेवलं आहे."

चौदा नंबरची, करच्या पाह्यटेपासूनची रेघ दाखवली. पाच वाजल्यापासून हळूहळू फुगत गेली होती, थे आतून झिरपनारं पानी. मंग नऊ वाजून दहा मिनटाले लहान-लहान खुना सुरू झाल्या. एक जाड, एक बारीक, एक जाड, एक बारीक. शकूचा डावा पाय दुखे, त्याच्यावर थे भार देत नसे. चाल म्या तिथंच वळखली. खुना फुगलेल्या रेघेपाशी जाऊन थांबल्या. मंग तीन उंच खुना दिसल्या. जराशी मोकळी जागा. पुन्हा तीन.

 थे मले बोलवून राह्यली होती. त्या दुखऱ्या पायानं वस्तीपरेंत आपन पोचत नाही, हे तिले समजलं असंन. वामन आयकीन, भोंगा वाजवीन, लोक वाचतीन, असा तिनं भरवसा धरला. अन् मी केबिनीत कालची पुरनपोळी खाऊन राह्यलो होतो.

"किती येळा?" म्या इचारलं.

"सदतीस वेळा, काका. पंचवीस मिनिटं."

गावाले आता सांगू शकतो, का थे काहून उभी होती. पन सांगत नाही. थे सांगाचं तर घंटी कोनं बंद कराले लावली हेही सांगा लागते, अन् तेवढी हिंमत माह्यात नाही. सायेब रडून राह्यले होते. म्या बोटानं रेघ सरकवत पार शेवटापरेंत नेली. तिथं दोनच खुना होत्या. तिसऱ्यांदा पाय आपटाच्या आधी पाळ गेली.