रिकाम्या जागेला वळसा

कुसुमबाईंची खाट व्हरांड्यातून उचलली, त्याच संध्याकाळी मोतीरामजींच्या ध्यानात आलं. पाकोळी, म्हणजे ते मुठीत मावेल एवढं वटवाघूळ, रोजच्यासारखी पेरूच्या झाडाकडून आत शिरली. मधोमध, जिथं आता काहीच नव्हतं, तिथं तिनं वळसा घातला आणि दुसऱ्या टोकानं बाहेर पडली.

आजारपणाचं सगळं वर्ष खाट तिथं होती, चार बांबूंना मच्छरदाणी बांधलेली. कुसुमबाई पडल्या पडल्या म्हणायच्या, "आली पहा माझी पाहुणी. तुमच्यापरीस वेळेची पक्की आहे." त्या गेल्या, पुण्यानुमोदनाचा विधी झाला, माणसं पांगली आणि मुलीनं, शैलजानं, खाट शेजारी देऊन टाकली. आता बापाला विजय नगरला आपल्या घरी न्यायचं तिनं मनावर घेतलं होतं.

"पाहून राहिली ना?" मोतीरामजी म्हणाले. "तिच्या हिशेबी तुझी आई अजून तिथंच आहे. ती सरळ जाईल त्या दिवशी येतो मी. तोवर नाव काढू नको."

शैलजा राइट टाउनच्या शाळेत विज्ञान शिकवायची. "बाबा, ती आवाज काढते, आपल्याला ऐकू येत नाही इतका बारीक. तो आपटून परत येतो. ती जवळ जाऊ लागली की परतलेला आवाज आणखी चढतो. आपल्याकडं येणाऱ्या स्कूटरचा हॉर्न चढा लागतो, पुढं गेली की उतरतो ना, तसंच. त्यावरून तिला समोरचं कळतं."

"मग मोकळी जागा काहून नाही कळत?"

"ओळखीच्या वाटेवर ती फारसा कान देत नाही, सवयीनं उडते. तुमच्यासारखी."

सकाळी चहा आणताना मोतीरामजीही खाटेची जागा टाळून भिंतीला घासून आले होते. पोरीनं पाहिलं होतं तर.

शाळा सुटली की शैलजा येऊन बापाजवळ बसायची. पाकोळी वळायची. "चलो, आजचं निभावलं," मोतीरामजी म्हणायचे. मग वळसा लहान होऊ लागला. ते त्यांनाही दिसलं, तरी "निभावलं" म्हणतच राहिले.

एका संध्याकाळी ती सुतासारखी सरळ निघून गेली.

शैलजानं बापाच्या तोंडाकडं पाहिलं. "वळली, बाबा. थोडीशी."

"विज्ञानाची मास्तरीण अन् खोटं बोलून राहिली?"

तिला हसू आलं, डोळेही भरले. "राहा मग इथंच. मी नाही काही म्हणत."

"अच्छा! अन् मी दिलेला शब्द?"

चहा ठेवायला मोतीरामजी उठले. पाय आपोआप भिंतीकडं वळला. ते थांबले. खाटेच्या उशाची बाजू होती तिथं हात पुढं केला, काही लागलं नाही. मग ते व्हरांड्याच्या मधून चालत आत गेले.

"शैला," आतून आवाज आला, "तुझ्या घरी साखरेचा डबा कुठं असतो, ते आताच सांगून ठेव. नाहीतर पहिले काही दिवस मी धडकत राहीन सगळ्याले."